नदी आणि कालव्याच्या कात्रीतला रस्ता

सिंहगड रस्त्याला सलग पर्यायी रस्ता का नाही, हे वडगावच्या पुलाखाली अडकलेला प्रत्येक माणूस एकदा तरी विचारतो. नकाशा उघडला की उत्तर सापडतं. एका अंगाला मुठा नदी, दुसऱ्या अंगाला मुठेचाच उजवा कालवा आणि कालव्यापलीकडे पर्वती-तळजईच्या टेकड्या. दांडेकर पुलापासून खडकवासल्यापर्यंत जी चिंचोळी पट्टी उरली, तिच्यातून हा रस्ता निघाला. पुढे लाखोंची वस्ती आली ती याच पट्टीत.

रस्त्याचं नाव किल्ल्याचं असलं तरी त्याचं नशीब पाण्याने लिहिलं. किल्ल्याला जाणारी वाट अर्थातच जुनी. तानाजी पडला तो १६७० साली, आणि उन्हाळ्यात गोऱ्या साहेबांची बिऱ्हाडं गडावर जात ती इंग्रजी अमलात. टिळकांचा बंगलाही गडावरच. पण पायथ्याला जाणाऱ्या वाटेला रोजचं काम मिळालं ते खडकवासल्याच्या धरणामुळे. १८६९ च्या सुमारास सुरू झालेलं हे दगडी धरण दहाएक वर्षांत उभं राहिलं. कर्नल फाइफ या इंजिनिअरच्या नावावरून तलावाला ‘लेक फाइफ’ म्हणत. उजवा कालवा पुण्याच्या कडेकडेने दौंड-इंदापूरकडे गेला. विश्वेश्वरय्यांनी आपले स्वयंचलित दरवाजे बसवले तेही याच धरणावर, १९०३ साली. १९१६ मध्ये सुरू झालेली जलसंशोधन संस्था आजही खडकवासल्यात याच रस्त्यावर आहे. तळ्याच्या पलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आली, तिची कोनशिला नेहरूंनी १९४९ मध्ये बसवली. म्हणजे विठ्ठलवाडी, हिंगणे, वडगाव, नांदेड ही गावं शेतीत गुंतलेली असताना त्यांच्या दारावरून इंजिनिअर आणि लष्करी अधिकारी जात-येत होते. त्या वर्दळीने गावांचं फारसं काही बदललं नाही. उसाला आणि भाजीला कालव्याचं पाणी मिळालं, हाच काय तो मोठा फरक.

१२ जुलै १९६१ ही तारीख पुण्यात कुणाला सांगावी लागत नाही. खडकवासल्याच्या वरच्या अंगाचं पानशेतचं मातीचं धरण पुरतं बांधून व्हायच्या आत त्यात पाणी साठवलं गेलं. ते फुटू लागल्यावर जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण गेलं, आणि तो लोंढा अंगावर घेऊन दुपारी खडकवासलाही गेलं. नदीकाठच्या पेठा बुडाल्याच्या आठवणी भरपूर लिहिल्या गेल्या. त्यामानाने दुसऱ्या दिवसापासूनच्या हालांबद्दल कमी बोललं जातं. शहराचं पिण्याचं पाणी खडकवासल्याचं, आणि तेच धरण फुटलेलं. पुरात बुडालेल्या शहराला पुढे पाण्यासाठी वणवण करावी लागली.

रस्ता शहरात कसा शिरला, म्हणजे खरं तर शहर रस्त्यावर कसं चढत गेलं, हे पालिकेच्या हद्दीवरून कळतं. हद्दीच्या आत रस्ता पालिकेचा, बाहेर सार्वजनिक बांधकाम खात्याचा. १९९७ साली हद्द वाढली तेव्हा वडगाव, हिंगणे पुण्यात आली. २०१७ मध्ये धायरी आली. ३० जून २०२१ रोजी तेवीस गावं एकदम घेतली, त्यांत नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला. दर वेळी क्रम तोच: आधी इमारती, मग माणसं, मग टँकर आणि सगळ्यात शेवटी पालिका. नांदेडच्या शेतकऱ्यांनी जमिनी विकून मोकळं न होता त्या एकत्र करून सुमारे सातशे एकरांवर नांदेड सिटी उभी केली, हा या पट्टीतला वेगळा प्रयोग. पण त्या नगरीचे सुबक अंतर्गत रस्तेसुद्धा शेवटी येऊन मिळतात ते याच एका रस्त्याला. २०२५ च्या जानेवारीत याच पट्ट्यात गुलेन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडू लागले आणि संशय पाण्यावर गेला. विहिरीचं पाणी, क्लोरीन, शुद्धीकरण यांची चर्चा तेव्हा कुठे घराघरांत पोचली. ज्यांच्या उशाशी शहराचं धरण, त्यांनाच शुद्ध पाण्याची वाट पाहावी लागावी, याला काय म्हणायचं?

पाणी अधूनमधून आपली आठवण करून देतंच. २७ सप्टेंबर २०१८ ला जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत भर दिवसा, डोक्यावर पाऊस नसताना, पूर आला. भांडी, गाद्या, गॅसच्या टाक्या, पोरांची दप्तरं रस्त्यावर वाहत आली. तेव्हाच्या जलसंपदा मंत्र्यांनी दोष उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर ढकलला. २५ जुलै २०२४ च्या पहाटे पाणी दुसऱ्या बाजूने, नदीकडून आलं. खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि एकतानगरीतल्या इमारतींचे तळमजले बुडाले. नदीच्या पूररेषेबद्दल आपण बोलतो. कालव्याच्या काठाची आठवण मात्र तो फुटल्यावरच होते.

वाहतुकीवरचा उपाय म्हणून उड्डाणपूल आले. २०२१ मध्ये भूमिपूजन झालं. राजाराम पूल चौकातला टप्पा १५ ऑगस्ट २०२४ ला आणि विठ्ठलवाडी ते फन टाइमचा १ मे २०२५ ला खुला झाला. सिग्नल चुकतात हे खरं. पण पूल जिथे उतरतो तिथून पुढे रस्ता जुनाच, त्यामुळे कोंडी बरीचशी वडगाव आणि धायरी फाट्याकडे सरकली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये खडकवासला–स्वारगेट–हडपसर–खराडी मेट्रोला केंद्राची मंजुरी मिळाली. तीही याच पट्टीतून जाणार आहे, आणि तिची खरी गरज उड्डाणपुलाच्या आधी होती असं माझं मत आहे.

रविवारी मात्र या रस्त्याचं रूप पालटतं. पहाटे पाचला आतकरवाडीच्या पायथ्याशी दुचाकींच्या रांगा लागतात. गडावर मडक्यातलं दही, पिठलं-भाकरी, कांदाभजी. संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसाच्या गाड्या आणि त्यांच्यापुढे वाटेल तशा लावलेल्या मोटारी. डोणज्याहून परतणारा माणूस तिथे तासभर सहज रखडतो. गडावरची खासगी वाहनं बंद करून २०२२ च्या मे महिन्यात इलेक्ट्रिक बस सुरू केल्या होत्या. घाटाची चढण, अपुऱ्या बस आणि सुट्टीची गर्दी यांचा मेळ बसला नाही आणि दोन-तीन आठवड्यांतच तो प्रयोग गुंडाळला गेला. कल्पना चुकीची नव्हती, तयारी अर्धवट होती.

डोणज्याच्या फाट्याला डावीकडे वळलं की गोळेवाडी आणि गडाचा घाट. न वळता पुढे गेलं की खानापूर, मालखेड आणि पानशेत. या टप्प्यावर अजून भाताची खाचरं दिसतात, भर पावसात रस्त्याच्या कडेने इरलं घेतलेली एखादी बाई दिसते, आणि पाठोपाठ ‘एनए प्लॉट, लेक व्ह्यू’चे फलक. खडकवासल्याच्या पुढचा रस्ता आजही बांधकाम खात्याकडे आहे. वडगाव आणि धायरीचे रस्तेही एकेकाळी हद्दीबाहेरच होते.