रोग परत येत नाही, तो गेलेलाच नसतो

खाऱ्या पाण्याची टाकी, तिच्यात प्रवाळ आणि रंगीत मासे अशी हौस ज्या घरांत आहे, तिथे एक तक्रार हमखास ऐकू येते. माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात. दुकानदार बाटली देतो. आठवड्यात ठिपके दिसेनासे होतात आणि घरात सगळ्यांना हायसे वाटते. दोन-तीन आठवड्यांनी ठिपके पुन्हा हजर होतात, आणि या वेळी एखाद-दुसरा मासा सकाळी तळाशी पडलेला असतो. मग कुणी म्हणते पाणी बाधले, कुणी म्हणते नजर लागली. मुले रडतात आणि मोठी माणसे नवा मासा आणून त्यांची समजूत घालतात. इथेच दुखणे वाढते.

या रोगाला हौशी लोक ‘मरीन इक’ म्हणतात. तो ‘क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स’ नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे होतो. गोड्या पाण्यातल्या माशांनाही असेच ठिपके येतात, पण तो परजीवी वेगळा. म्हणून गोड्या पाण्याच्या टाकीतले मीठ टाकण्याचे किंवा पाणी गरम करण्याचे उपाय इथे चालत नाहीत.

रोग का उलटतो, हे समजण्यासाठी या परजीवीचा दिनक्रम पाहावा लागेल. तो माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांत शिरतो आणि साधारण तीन ते सात दिवस तिथे पोसतो. पोट भरले की मासा सोडतो, तेही बहुधा अंधारात. ठिपके ‘बरे झाले’ असे आपल्याला वाटते ते याच वेळी. सुटलेला परजीवी वाळूला, दगडाला किंवा काचेला चिकटून भोवती कवच करतो. कवचाच्या आत त्याची विभागणी होत राहते, आणि एका कवचातून शेकडो पिल्ले बाहेर पडू शकतात. बहुतेक कवचे तीन ते अठ्ठावीस दिवसांत फुटतात, पण काही ७२ दिवसांपर्यंत टिकल्याची नोंद आहे. बाहेर पडलेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही, तर ते मरते. समुद्रात बहुतेकांना तो मिळत नाही. चार फुटांच्या टाकीत मात्र मासा कुठे जाणार?

म्हणजे रोग परत आलेला नसतो, तो टाकीतच असतो. एकदा लागण होऊन वाचलेल्या माशात काही महिने थोडी प्रतिकारशक्ती येते. त्यामुळे टाकी महिनोन्‌महिने निरोगी दिसते, आणि नवा मासा सोडला किंवा हीटर बिघडला की ठिपके पुन्हा उठतात. कल्ल्यांतला परजीवी तर दिसतही नाही. मासा भराभर श्वास घेतो, दगडावर अंग घासतो, खाणे टाकतो, एवढीच खूण. ठिपके कणांऐवजी पिठाच्या धुळीसारखे बारीक असतील आणि मासे दोन-चार दिवसांतच मरू लागले, तर तो दुसरा आणि अधिक घातक रोग असू शकतो. तेव्हा वाट न पाहता जाणकाराला गाठावे.

आता औषधाचे. कातडीखालच्या परजीवीपर्यंत औषध पोहोचत नाही, कवचालाही ते भेदत नाही. मरतात ती फक्त पाण्यात पोहणारी पिल्ले. तांबे असलेले औषध त्यांना मारते, पण तेच प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगाय यांनाही मारते. शिवाय वाळू आणि दगड ते शोषून घेतात. लसणाचा रस, सफाई करणारी कोळंबी, अतिनील दिवा यांनी थोडाफार भार हलका होत असेलही, पण टाकी रोगमुक्त होत नाही. म्हणून आमचे सांगणे एकच : प्रवाळाच्या टाकीत औषध ओतू नका, मासे बाहेर काढा.

सगळेच मासे काढायचे, निरोगी दिसणारेही. त्यांच्यासाठी वेगळी साधी टाकी करावी. तिच्यात वाळू-दगड नकोत. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, एक हीटर, एक स्पंजचा फिल्टर आणि हवेचा पंप एवढे पुरते. इथे तांब्याचे औषध बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात द्यावे आणि ते प्रमाण टेस्ट किटने रोज मोजावे. कमी पडले तर उपयोग नाही, जास्त झाले तर मासा दगावतो. औषध नको असेल तर दुसरी रीत आहे : दर तीन दिवसांनी मासे नव्या, कोरड्या व स्वच्छ टाकीत हलवायचे, असे चार वेळा. परजीवी मासा सोडून कवच करतो, पण ते फुटण्याआधीच मासे पुढे गेलेले असतात. दोन्ही रीतींत अमोनियावर लक्ष हवे. छोट्या टाकीत तो लवकर चढतो, म्हणून पाणी बदलत राहावे.

इकडे मोठी टाकी ७६ दिवस माशांविना ठेवावी. ७२ दिवसांच्या नोंदीवर चार दिवसांची ही खबरदारी. दिवे, प्रवाह आणि तापमान नेहमीसारखे चालू द्यावे. प्रवाळ आणि कोळंबीला हा रोग होत नाही, पण मासा नसल्याने परजीवी उपाशी मरतो. या काळात दोन्ही टाक्यांची जाळी, बादली, नळी वेगळी ठेवावी. एका टाकीतला ओला हात दुसरीत घालू नये.

अडीच महिने रिकामी टाकी बघणे मुलांना जड जाते. ‘एकच मासा सोडू या ना, अब्बा,’ असा हट्ट होतो. तो एक मासा सोडला की ७६ दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

खरा बचाव मात्र याच्याही आधीचा आहे. नवा मासा दुकानातून थेट मोठ्या टाकीत जाऊ नये. आधी महिनाभर वेगळ्या टाकीत राहावा. नवा दगड, शिंपला, कोळंबीही त्याच शिस्तीने यावी, कारण त्यांच्यावर कवच चिकटून येऊ शकते. आपल्याला ही शिकवण नवी नाही. आजारी उंट निरोगी उंटांत आणू नयेत, अशी ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिल्याचे हदीसमध्ये येते. साथ असलेल्या मुलखात जाऊ नये, तिथून बाहेरही पडू नये, हेही त्यांनीच सांगितले. शामच्या वाटेवर असलेले हजरत उमर (र.) साथीची खबर ऐकून मागे फिरले. माणसांना आणि उंटांना लागू असलेला हा नियम माशांना का नको?

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस घरोघरी सांगितली जाते. काचेत कोंडलेला मासाही स्वतःचे अन्न शोधू शकत नाही आणि रोगापासून पळूही शकत नाही. तो आपल्याकडे अमानत आहे. वेगळ्या टाकीसाठी जागा, पैसा किंवा वेळ नसेल, तर नवा मासा न घेणे हीच त्याच्यावरची दया. आणखी एक गोष्ट : आपल्या देशात प्रवाळ आणि समुद्री घोडे यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ तोडून आणणे गुन्हा ठरतो. आणि कंटाळा आला म्हणून रोगी मासा खाडीत सोडणे म्हणजे आपल्या घरचा रोग तिथल्या माशांना देणे.

आज टाकीत ठिपके दिसत असतील, तर नव्या बाटलीसाठी बाजारात जाण्याआधी कॅलेंडर काढा. शेवटचा मासा ज्या दिवशी बाहेर काढाल, त्या तारखेवर खूण करा आणि पुढचे ७६ दिवस मुलांनाच मोजायला सांगा. इन्शाअल्लाह, त्यानंतर टाकीत उतरणाऱ्या माशांना पाण्यात दबा धरून बसलेला शत्रू भेटणार नाही, आणि सब्र म्हणजे काय हे मुले पुस्तकाबाहेरही शिकतील.