डोंगरवाडीचा दिवा कोणाच्या हाती?

गोकाकचा धबधबा आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. घटप्रभा नदी तेथे सुमारे ५२ मीटर खाली झेप घेते. १८८७ साली त्या पाण्याच्या बळावर सूतगिरणीची यंत्रे फिरू लागली, आणि त्याच साली तेथे वीजही निर्माण झाली असे सांगितले जाते. जलशक्तीच्या कामी बेळगाव जिल्हा असा अग्रेसर; तरीही त्याच जिल्ह्यात खानापूरकडील जंगलपट्टीतल्या कित्येक वाड्यांनी पुढे शंभरावर वर्षे चिमणीच्या उजेडात काढली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

याचे कारण केवळ अनास्था नव्हे. दहावीस घरांच्या वाडीपर्यंत जंगलातून खांब न्यावयाचे तर खर्च मोठा, आणि तेथे जळावयाचे घरोघरी दोन दिवे. पावसाळ्यात झाडे तारांवर कोसळली की दुरुस्तीचा माणूस पोहोचावयास दिवस लागतात. शिवाय गणतीचाही एक भाग आहे. २००४ सालापासूनच्या व्याख्येप्रमाणे, सार्वजनिक ठिकाणांसह गावातील शेकडा दहा घरांत वीज आली की ते गाव विद्युतीकरण झालेले धरले जाई. २८ एप्रिल २०१८ रोजी देशातील सर्व गावांत वीज पोहोचली, तो हिशेब याच व्याख्येचा. गाव उजळले म्हणजे डोंगरावरची वाडी उजळली असे नव्हे.

अशा ठिकाणी दुसरा मार्ग आहे, तो म्हणजे वाडीपुरते स्वतंत्र वीजजाळे. वीज तेथेच निर्माण करावयाची आणि थोड्या खांबांवरून घरोघर पोहोचवावयाची. ओढ्याचे पाणी बांध घालून अडवितात, नळातून खाली सोडतात आणि त्याच्या जोराने चक्री व जनित्र फिरवितात. हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल असा आहे. सेकंदाला १० लिटर पाणी १० मीटर खाली पडले तर त्यात सुमारे ९८० वॅट शक्ती असते. निम्मी वाटेत खर्ची पडली तरी पाचशे वॅट उरते, म्हणजे नऊ वॅटचे पन्नासावर दिवे.

परंतु सह्याद्रीचे ओढे बारमाही नसतात. जूनपासून ते भरून वाहतात आणि फाल्गुन-चैत्रात बहुतेक कोरडे पडतात. उलट सूर्य उन्हाळ्यात उदार, तर आषाढ-श्रावणात दिवसेंदिवस दिसत नाही. म्हणून आमच्या मते या मुलखात पावसाळ्यात ओढा आणि उन्हाळ्यात सूर्य अशी जोडी जमविणे हेच शहाणपणाचे. सूर्याची वीज रात्री वापरण्यासाठी बॅटरी लागते, आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. खरा प्रश्न येथेच उभा राहतो.

दोन उदाहरणे पाहू. सातपुड्यात नंदुरबार जिल्ह्यातील बिलगाव येथे, केरळातील तरुण अभियंत्यांच्या मार्गदर्शनाखाली आदिवासी बांधवांनी श्रमदान करून बांध घातला. २००३ साली १५ किलोवॅटचा जलविद्युत संच सुरू होऊन पाड्यांवर दिवे लागले. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्यात हे काम बुडाले. ते यंत्राच्या दोषाने वा लोकांच्या आळसाने बुडाले नाही, हे ध्यानात ठेवावे. डोंगरातली माणसे वीज उभारू शकतात, हे त्यांनी सिद्ध करून दाखविलेच.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातील दरेवाडीचे. २०१२ साली तेथे ३९ घरांसाठी ९.४ किलोवॅटचा सौरसंच बसला. उभारणीस बाहेरचे साहाय्य मिळाले. परंतु घरोघर मीटर लावून दरमहा आकार घेण्याचे ठरले, आणि ही व्यवस्था पाहण्यासाठी गावकऱ्यांचाच न्यास स्थापन झाला. वीज फुकट न देण्यातच दूरदृष्टी होती. फुकटच्या दिव्याची काळजी कोणीच घेत नाही. आणि बॅटरी निकामी होते त्या दिवशी पेटीत पैसे नसले, तर सारे पत्रे व तारा भंगाराच्या मोलाच्या.

कायद्याचीही येथे आडकाठी नाही. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे, राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज निर्माण करून तेथेच वाटावयाची असल्यास परवान्याची गरज नसते. गरज असते ती तीन गोष्टींची: हिशेब ठेवणारी पंचमंडळी, दुरुस्ती शिकलेले वाडीतलेच दोन तरुण, आणि पहिल्या महिन्यापासून बाजूला पडणारा घसारा निधी.

या न्यासाचा महोत्सव साजरा करताना हे लिहिण्याचे प्रयोजन एवढेच. संस्था उभारण्याच्या दिवशी हारतुरे असतात. ती टिकविण्याचे श्रम वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. वर्गणी, पावतीपुस्तक, तपासलेला जमाखर्च, यांचे मोल न्यासाच्या सभासदांना वेगळे सांगावयास नको. हीच शिस्त डोंगरवाडीला देणगीहून अधिक उपयोगी पडेल. ज्यांचे आप्त वा विद्यार्थी अशा वाड्यांत आहेत त्यांनी एक काम करावे. येत्या मार्गशीर्षात आणि पुन्हा चैत्रात ओढ्याच्या धारेखाली पंधरा लिटरचा डबा धरावा आणि तो किती सेकंदांत भरतो ते वहीत टिपून ठेवावे. देणगीचा आकडा ठरविण्यापूर्वी हे दोन आकडे हाती असावेत.