सुचू द्या, मग तपासा

हाउसिंग सोसायटीची सभा असो, शाळेतली शिक्षकांची बैठक असो की कंपनीतली सोमवारची मीटिंग असो, ‘हे आपण मागेच करून बघितलंय’ हे वाक्य हमखास कानावर पडतं. कुणीतरी जरा भीतभीत काही सुचवतं. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत खर्च, नियम, जुने अनुभव असं सगळं पुढे येतं आणि तो माणूस गप्प होतो. शेजारी बसलेल्या बाईंच्या मनातही काही घोळत असतं, पण हे बघून त्याही तोंड उघडत नाहीत. तासाभरानं जो तोडगा निघतो तो बहुतेक वेळा सगळ्यात ठासून बोलणाऱ्याचा असतो. बाकीच्यांनी तो मान्य केलेला असतो खरा, पण आपला मानलेला नसतो. म्हणून तो अमलात येईपर्यंत टिकतही नाही.

अ‍ॅलेक्स ऑस्बर्न यांना हीच अडचण जाहिरातीच्या धंद्यात दिसली. ते ‘बीबीडीओ’ या अमेरिकन जाहिरात कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. १९३९च्या सुमारास त्यांनी आपल्या कंपनीत वेगळ्या तऱ्हेच्या बैठका सुरू केल्या. आज आपण ज्याला ब्रेनस्टॉर्मिंग म्हणतो त्याची सुरुवात ती. नियम चारच होते. कुणाच्याही कल्पनेवर टीका करायची नाही. अचाट वाटलं तरी बोलायचं. जितकं जास्त सुचेल तितकं चांगलं. आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायची, दोन कल्पना जोडून तिसरी करायची. १९५३ साली आलेल्या ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या पुस्तकातून ही पद्धत जगभर गेली.

यातला पहिला नियम हा सगळ्याचा पाया आहे. सुचणं आणि पारखणं ही दोन्ही कामं मन एकाच वेळी करू लागलं की पारखणं वरचढ ठरतं. संख्येचा आग्रहही वरवरचा नाही. कुठल्याही प्रश्नावर पहिल्यांदा सुचतात ती उत्तरं कुणालाही सुचतील अशीच असतात. ती संपली आणि आता काही सुचत नाही असं वाटू लागलं, की त्यानंतर येणारं बरंचसं नवं असतं. बैठक तिथेच आटोपती घेतली तर हाती नेहमीचंच लागतं.

पण नियम पाळले, माणसं गोल करून बसली, म्हणजे काम झालं असं होत नाही. १९५८ साली येल विद्यापीठातल्या टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी हे तपासून पाहिलं. ९६ विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना चौघाचौघांच्या गटात बसवलं, निम्म्यांना एकेकटं. दोघांनाही नियम ऑस्बर्नचेच. प्रश्नांपैकी एक मजेदार होता: माणसाच्या हाताला आणखी एक अंगठा आला तर काय फायदे होतील, काय अडचणी येतील? नंतर एकट्यानं विचार केलेल्या चौघांच्या याद्या एकत्र केल्या, एकसारख्या कल्पना एकदाच धरल्या. तरीही एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा या सुट्या चौघांच्या कल्पना जवळजवळ दुप्पट भरल्या.

असं का व्हावं, याचं पटणारं उत्तर १९८७ साली मिळालं. मिखाएल डील आणि वोल्फगांग स्ट्रोब या संशोधकांनी दाखवलं, की मुख्य अडथळा लाजण्याचा किंवा आळसाचा नाही, तो पाळीचा आहे. एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. बाकीचे थांबतात, थांबता थांबता मनातलं विसरतात, नाहीतर ऐकलेल्याच मुद्द्याभोवती फिरत राहतात. त्यांनी माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून, दिव्याच्या खुणेनं फक्त आपल्या पाळीला बोलायला लावलं. समोर कुणी नसतानाही कल्पना घटल्या.

एवढ्यावरून ब्रेनस्टॉर्मिंग निकालात काढणं मला चूक वाटतं. खुद्द ऑस्बर्नचंही म्हणणं होतं, की गटाचा विचार हा एकट्याच्या विचाराला पूरक आहे. अनुकरण करणाऱ्यांनी बैठक तेवढी उचलली आणि एकट्यानं करायचं काम सोडून दिलं. जर्मनीतल्या बर्न्ड रोरबाख यांनी १९६८ साली यावर साधा उपाय मांडला: बोलायच्या ऐवजी लिहायचं. सहा माणसं, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं. मग कागद शेजाऱ्याकडे द्यायचा. त्यानं आधीचं वाचून आणखी तीन लिहायच्या. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, कागदावर १०८ कल्पना जमतात. त्या वेळात कुणी कुणाला अडवलेलं नसतं, आणि दुसऱ्याचं वाचून सुचण्याचा फायदाही मिळालेला असतो.

सुचणं आणि ठरवणं वेगळं ठेवण्याचं मला सगळ्यात भावलेलं उदाहरण मात्र कुठल्या कंपनीतलं नाही. ते गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात आहे. मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामामुळे ते सर्वांना ठाऊक झालं. या गावात अभ्यास गट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यास गटात विषय उलटसुलट तपासायचा, बाहेरच्या जाणकारांना बोलवायचं, मनात येईल ते विचारायचं. तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीनं. आज काही ठरायचंच नाही म्हटल्यावर हरण्या-जिंकण्याचा प्रश्न उरत नाही, आणि एरवी न बोलणारा माणूसही बोलतो. २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्यामागे लढा होता, कायदा होता. आणि वर्षानुवर्षं एकत्र बसून विचार करायची सवयही होती.

आपल्याकडे हे करायचं तर आधी प्रश्न नेमका हवा. ‘पाण्याचं काय करायचं?’ असं विचारलं की तक्रारी येतात. ‘सकाळी सहा ते आठ वरच्या दोन मजल्यांवर पाणी कसं पोचेल?’ असं विचारलं की उपाय येतात. मग प्रत्येकाला दहा मिनिटं आणि एक चिठ्ठी. नाव लिहायचं नाही. सगळ्या चिठ्ठ्या एकानं मोठ्यानं वाचायच्या, दुसऱ्यानं फळ्यावर जशाच्या तशा उतरवायच्या, त्यात भर घालायला पुन्हा दहा मिनिटं द्यायची. खर्च किती, नियमात बसतं का, करणार कोण, ही चिकित्सा कसून झालीच पाहिजे, पण दुसऱ्या दिवशी. आणि चेअरमन, मुख्याध्यापक, साहेब जे कोणी असतील त्यांनी सगळ्यांच्या शेवटी बोलायचं. त्यांचं मत आधी आलं की बाकीचे त्याच्याच आजूबाजूला सुचवत राहतात.

प्रत्येक प्रश्नाला ही पद्धत लागू नाही. पंप जळला असेल तर वायरमनलाच बोलवायचं, हिशेब चुकला असेल तर तपासनीसाला. जिथे एकच बरोबर उत्तर नाही आणि जिथे उपाय सगळ्यांनी मिळून निभवायचा आहे, तिथे मात्र हिला पर्याय नाही. तेव्हा पुढच्या सभेची नोटीस काढाल, तेव्हा विषयपत्रिकेसोबत नेमका प्रश्न लिहिलेला एक कोरा कागदही घरोघरी पाठवा, आणि सभेत तो कागद सगळ्यात आधी वाचायला घ्या.