दगडांचे दप्तर

भूवैज्ञानिक सर्वेक्षण करणाऱ्या सरकारी खात्याच्या ग्रंथालयातला मोठा भाग बाजारात कधीच विकत मिळत नाही. छापील ग्रंथ आणि नियतकालिके तिथे असतातच, पण खरी संपत्ती असते ती अप्रकाशित अहवालांची. पावसाळा ओसरला की भूवैज्ञानिक ठरवून दिलेल्या टापूत उतरतात, ओढ्यांतून, घाटांतून, खाणींतून फिरतात. कुठला खडक कुठे उघडा पडला आहे, थरांचा उतार कुठल्या दिशेला आहे, भेगा किती आणि कशा आहेत, हे नकाशावर मांडतात आणि हंगाम संपल्यावर अहवाल लिहितात. अशा अहवालाच्या मोजक्याच प्रती निघतात. त्यांच्याबरोबर हाताने रंगवलेले नकाशे, टिपणवह्या, छायाचित्रे आणि विंधनाच्या नोंदी जमा होत जातात. या खात्यांकडे दगडांचेही एक ग्रंथालय असते. जमिनीत खोलवर विंधन करून बाहेर काढलेल्या खडकाच्या लांब कांड्या, म्हणजे ‘कोअर’, खोक्यांत क्रमाने मांडून आणि खोली लिहून जपलेल्या असतात.

या सामग्रीचे वेगळेपण असे की ती पुष्कळदा पुन्हा गोळा करता येत नाही. खाणीत गेलेला डोंगर, धरणाखाली बुडालेली दरी, इमारतींखाली झाकला गेलेला कातळ यांच्याकडे परत जाऊन पाहण्याची सोय उरत नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयाखालची जमीन किंवा मुंबईतल्या बुजवलेल्या खाणी कशा होत्या, हे आता ज्यांनी त्या वेळी पाहून लिहून ठेवले त्यांच्याच कागदांतून कळू शकते. म्हणून भूविज्ञानात शंभर वर्षांपूर्वीची नोंद रद्दीत जात नाही.

महाराष्ट्राला दप्तर म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. पेशवे दप्तर पुण्यात होतेच, पण गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा कुठे ते सर्वसाधारण अभ्यासकाच्या हाती आले. सरकारी खोलीत कागद असणे आणि तो वाचकाला मिळणे यांत अंतर असते. दगडांच्या दप्तरातही ते अंतर आहेच, आणि गेल्या काही वर्षांत ते झपाट्याने कमी होत आहे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची सुरुवात कोळशाच्या शोधातून झाली. ईस्ट इंडिया कंपनीला जहाजांसाठी आणि येऊ घातलेल्या रेल्वेसाठी कोळसा हवा होता. १८५१ मध्ये टॉमस ओल्डहॅम हे आयरिश भूवैज्ञानिक कलकत्त्यात दाखल झाले आणि सर्वेक्षणाचे रीतसर काम सुरू झाले. ओल्डहॅम यांनी केवळ कोळसा शोधून समाधान मानले नाही. जे पाहिले ते छापले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १८५६ पासून ‘मेमॉयर्स’, १८६१ पासून जीवाश्मांना वाहिलेली ‘पॅलिऑन्टोलॉजिया इंडिका’ आणि १८६८ पासून ‘रेकॉर्ड्स’ अशा तीन मालिका निघू लागल्या. जगभरच्या संस्थांशी या प्रकाशनांची देवघेव होई आणि बदल्यात आलेल्या पुस्तकांनी कलकत्त्याचे ग्रंथालय वाढत गेले.

या मालिकांत महाराष्ट्राची जमीन पहिल्यापासून आहे. डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी १८६०च्या दशकात पश्चिम आणि मध्य भारतातल्या काळ्या पाषाणाच्या थरांवर विस्ताराने लिहिले. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे एकावर एक पसरलेले लाव्हाचे थर आहेत, आणि त्यांच्या मधल्या पातळ गाळात गोड्या पाण्यातल्या शंखशिंपल्यांचे जीवाश्म सापडतात, हे आज शाळेत शिकवले जाते. त्याच्या मुळाशी असली टिपणे आहेत. वर्धा खोऱ्यातल्या कोळशावरचा टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा अहवाल १८७७चा आहे. चंद्रपूर परिसराचा पुढचा सगळा औद्योगिक इतिहास त्या कोळशाभोवती घडला.

मात्र अहवाल ज्या कामासाठी लिहिला जातो त्याच कामी तो पुढे येतो असे नाही, आणि ही ग्रंथालये सर्वांसाठी खुली असावीत यामागचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे. ओडिशातल्या तालचेर कोळसाक्षेत्रावर १८५६ मध्ये लिहिताना ब्लॅनफर्ड बंधू आणि विल्यम थिओबाल्ड यांनी कोळशाखालच्या एका विचित्र थराची नोंद केली. बारीक गाळात मोठमोठे गोटे रुतून बसले होते. हे काम बर्फाचे असावे, असे त्यांनी सुचवले. उष्ण कटिबंधातल्या भारतात बर्फ कुठून आले? कोळसा शोधणाऱ्या सरकारला या प्रश्नाशी काही देणेघेणे नव्हते. पण तशाच खुणा दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत सापडत गेल्या, आणि हे भूभाग एके काळी जोडलेले होते या विचाराला त्यांतून आधार मिळाला. त्या जोडलेल्या खंडाला ‘गोंडवन’ हे नावही याच सर्वेक्षणातून, गोंडांच्या प्रदेशावरून मिळाले.

दुसरे उदाहरण भूकंपाचे. १२ जून १८९७ रोजी शिलाँगच्या पठारावर प्रचंड भूकंप झाला. टॉमस ओल्डहॅम यांचे चिरंजीव रिचर्ड ओल्डहॅम तेव्हा सर्वेक्षणात होते. पडलेल्या भिंती, उलटलेली थडगी, फाटलेली जमीन यांची गावोगावची माहिती त्यांनी जमवली आणि १८९९ मध्ये सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्याच भूकंपाच्या युरोपातल्या यंत्रांवर उमटलेल्या रेषा तपासताना भूकंपाच्या लहरी निरनिराळ्या प्रकारच्या असतात आणि वेगवेगळ्या वेळी पोहोचतात हे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९०६ मध्ये अशाच नोंदींच्या आधारे पृथ्वीला वेगळ्या गुणधर्माचा गाभा आहे असा निष्कर्ष त्यांनी मांडला. वडिलांनी तयार केलेली भारतातल्या भूकंपांची जुनी यादीही त्यांनीच १८८३ मध्ये प्रकाशित केली होती. ११ डिसेंबर १९६७ला कोयनानगर हादरले, ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारी उद्ध्वस्त झाली. असे काही घडले की पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की या भागात पूर्वी धक्के बसले होते काय? त्याचे उत्तर अशा याद्यांतच शोधावे लागते.

ग्रंथालयाचे दार सामान्य माणसासाठी कसे उघडते, याबाबत अमेरिकेचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तिथले भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८७९ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे ग्रंथालय १८८२ पासूनचे. ते मुख्यतः शास्त्रज्ञांसाठी असले तरी नागरिकाला तिथे बसून वाचता येते आणि गावच्या ग्रंथालयामार्फत पुस्तक मागवताही येते. त्याहून महत्त्वाची बाब कायद्याची आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून जे लिहिले त्यावर अमेरिकेत स्वामित्वहक्क नसतो, म्हणून सर्वेक्षणाचा नकाशा कुणीही छापावा, वाटावा, विकावा. सर्वेक्षण सांभाळत असलेल्या लँडसॅट उपग्रहांच्या छायाचित्रांबाबत मात्र बराच काळ वेगळे धोरण होते. एकेका छायाचित्राला शेकडो डॉलर मोजावे लागत, आणि २००१ या सर्वांत चांगल्या वर्षी सुमारे २५,००० छायाचित्रे विकली गेली. २००८ मध्ये हा साठा मोफत केला, तेव्हा वर्षभरात १० लाखांहून अधिक छायाचित्रे लोकांनी उतरवून घेतली. वापर करणारे आधीही होते, त्यांना किमतीने दाराबाहेर ठेवले होते.

ब्रिटनमध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८३५ पासून आहे. तिथे विंधन छिद्रांच्या १० लाखांहून अधिक नोंदी स्कॅन करून लोकांसमोर ठेवल्या आहेत. घर बांधू पाहणारा माणूस आपल्या गल्लीत खाली चिकणमाती आहे की खडू, हे त्यांत पाहू शकतो.

उघडलेले दार बंदही होऊ शकते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००६ मध्ये पैसे वाचवण्यासाठी आपली काही ग्रंथालये बंद केली. सगळे संगणकावर येणार आहे, असे कारण देण्यात आले. कागद खोक्यांत गेले, पण ते सगळे संगणकावर येण्याआधीच. शास्त्रज्ञ आणि ग्रंथपालांनी आवाज उठवला, तिथल्या संसदेने पैसे देऊन आदेश काढला आणि २००८ मध्ये ती ग्रंथालये पुन्हा उघडली. स्कॅन केलेली प्रत हाताशी असणे फार मोलाचे आहे, यात शंका नाही. तरीही घडी करून ठेवलेला मोठा रंगीत नकाशा, समासात पेन्सिलीने केलेली दुरुस्ती किंवा कोअरची कांडी स्कॅनमध्ये पुरती उतरत नाही, आणि नेमका कुठला अहवाल पाहावा हे सांगणारा अनुभवी ग्रंथपालही त्यात नसतो.

भारतात अडसर दोन तऱ्हेचे होते. पहिला नकाशाचा. खडकाचा नकाशा कशावर तरी काढावा लागतो, आणि ते मूळ नकाशे भारतीय सर्वेक्षण खात्याचे. सीमा आणि किनारपट्टीलगतचे नकाशे सुरक्षेच्या कारणाने प्रतिबंधित असत. कोकणातल्या अभ्यासकालाही आपल्याच तालुक्याचे टोपोशीट, म्हणजे या खात्याचा क्रमांकित नकाशा, सहजी मिळत नसे. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करासाठी वेगळी आणि लोकांसाठी खुली अशा दोन मालिका केल्या. १५ फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय नागरिक आणि संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी व वापरण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक परवानग्या काढून टाकल्या. दुसरा अडसर खनिजांचा होता. कुठे काय आहे ही माहिती म्हणजे पैसा, अशी धारणा असल्याने अहवाल कपाटात राहत. २०१६च्या राष्ट्रीय खनिज अन्वेषण धोरणाने पायाभूत भूवैज्ञानिक माहिती ही सार्वजनिक संपत्ती आहे, ती विनामूल्य मिळावी, असे म्हटले. हे धोरण खाणकंपन्यांना बोलावण्यासाठी आखले गेले हे खरे, पण त्या उघडलेल्या दारातून शिक्षक, गिर्यारोहक, विहीर खणणारा शेतकरी आणि प्रस्तावित खाणीला हरकत घेणारी ग्रामसभा यांनाही आत जाता येते.

आज सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की जुन्या प्रकाशनांच्या आणि अनेक अप्रकाशित अहवालांच्या प्रती उतरवून घेता येतात. ‘भूकोश’ या पोर्टलवर खडकांचे, खनिजांचे, दरडींचे नकाशे थरावर थर ठेवून पाहता येतात. १९ डिसेंबर २०२३ रोजी ‘नॅशनल जिओसायन्स डेटा रिपॉझिटरी’ सुरू झाली. तिच्यात निरनिराळ्या संस्थांची माहिती एकत्र आणली जात आहे. शोध घेताना गावाच्या नावापेक्षा टोपोशीटचा क्रमांक अधिक उपयोगी पडतो, कारण जुने अहवाल त्याच क्रमाने लावलेले आहेत. पुणे शहराचा बराचसा भाग ४७ एफ/१४ या शीटमध्ये येतो. आपल्या गावाचा क्रमांक एकदा माहीत झाला की अर्धे काम झाले. प्रत्यक्ष ग्रंथालय पाहायचे तर मुख्य संग्रह कोलकात्यात आहे, आणि महाराष्ट्रात नागपूरला मध्य विभागीय कार्यालय आहे. बाहेरच्या वाचकाला तिथे परवानगी घ्यावी लागते आणि जागेवर बसून वाचावे लागते. एखादा अहवाल मिळतच नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. त्या कायद्यात देशाच्या वैज्ञानिक आणि आर्थिक हितसंबंधांचा अपवाद आहे, हे मात्र लक्षात ठेवावे लागते.

सामान्य माणसाला सर्वांत जास्त लागणारी माहिती पाण्याची असते. १९७२ मध्ये सर्वेक्षणाची भूजल शाखा केंद्रीय भूजल मंडळात विलीन झाली, त्यामुळे जिल्हानिहाय भूजल अहवाल आता मंडळाकडे पाहावे लागतात. राज्यात पुण्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षानुवर्षे मोजत आली आहे. बोअर घेण्याआधी पाणाड्याला विचारणाऱ्या कुटुंबाने शेजारच्या निरीक्षण विहिरीची नोंद पाहिली, तर कातळ किती खोलीवर लागतो आणि उन्हाळ्यात पाणी कुठवर उतरते याचा बराच अंदाज येतो.

दरडींच्या नकाशांबाबत सावधगिरी हवी. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि १५१ माणसे दगावली. त्याच वर्षी सर्वेक्षणाने देशभरातल्या दरडप्रवण भागांचे नकाशे करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. देशव्यापी नकाशाचे प्रमाण १:५०,००० आहे, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचा अर्धा किलोमीटर असतो. शंभर मीटर लांबीची वाडी त्यावर दोन मिलिमीटर होते. असा नकाशा डोंगराची सर्वसाधारण प्रवृत्ती दाखवतो, घरामागच्या एका उताराबद्दल निश्चित काही सांगत नाही. हिरव्या रंगातले गाव सुरक्षित आणि लाल रंगातले धोक्यात, असा त्याचा अर्थ लावला तर तो नकाशा घातक ठरेल. तो वाचून मग उतारावरच्या ताज्या भेगा, अचानक गढूळ झालेले झरे, तिरकी झालेली झाडे पाहायला जायचे असते, आणि ते पाहण्यात तिथे राहणारी माणसे कुठल्याही सर्वेक्षकापेक्षा सरस असतात.

त्या माणसांपर्यंत हे दप्तर पोहोचण्यात उरलेला मोठा अडथळा भाषेचा आहे. अहवाल आणि नकाशांच्या सूची इंग्रजीत आहेत. मराठीत या दगडांना शब्द नाहीत असे मुळीच नाही. इंग्रजी अहवाल ज्याला ‘व्हेसिक्युलर’ किंवा ‘अ‍ॅमिग्डॅलॉइडल बेसॉल्ट’ म्हणतो, त्या छिद्राळ, पांढरे ठिपके असलेल्या खडकाला विहीर खणणारा ‘मांजऱ्या’ म्हणतो. त्याखालचा सलग, घणाला दाद न देणारा थर त्याच्या लेखी ‘काळा पाषाण’ असतो, आणि वरचा कुजलेला भाग ‘मुरूम’. भूकोशावरच्या एखाद्या तालुक्याच्या नकाशाला हेच शब्द वापरलेली मराठी सूची जोडायला नवे सर्वेक्षण लागत नाही. सूची एका पानाची असते, आणि पाणी कुठल्या थरात मुरते व कुठल्या थरावर अडते हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेल्या नकाशावरून गावाला वाचता यायला तेवढे एक पान पुरते.