मधल्या रेषेवरचा दिवस

सकाळी ५:४५. फ्लोरिडात, विंटर हेवनजवळचं एक खासगी तळं. स्की-स्कूलची बोट लिफ्टवरून पाण्यात सोडण्याआधी तिची चालक वाकून तळाचं बूच घट्ट बसलंय ना, ते चाचपून बघते. इंजिनावरची पेटी उघडून पेट्रोलचा वास येतो का ते हुंगते, मग चार मिनिटं ब्लोअर चालवते. पेटीत कोंडलेली पेट्रोलची वाफ एका ठिणगीने पेटते. ही चार मिनिटं ती कुणासाठीही कमी करत नाही.

६:३०. वारा पडलेला, पाणी आरशासारखं. समोर स्लॅलमचा २५९ मीटरचा मार्ग. सहा बोये, मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटरवर, एक या बाजूला तर पुढचा त्या. स्कीअर एकाच स्कीवर नागमोडी जात प्रत्येक बोयाला बाहेरून वळसा घालतो. बोट मधून सरळ जाते. बघणाऱ्यांचे डोळे स्कीअरवर खिळलेले असतात. मला विचाराल तर निम्मा खेळ बोटीत चाललेला असतो.

ही बोट जेमतेम सहा मीटरची. इंजिन मधोमध, आणि त्याच्या अगदी पुढे दोर अडकवायचा खांब. वजन आणि ओढ दोन्ही मध्याशी असल्यामुळे स्कीअरने जोर लावला तरी बोटीचा मागचा भाग सहजी सरकत नाही. पंखा तळाखाली, मागच्या टोकापासून बराच आत, म्हणजे पाण्यात पडलेल्या माणसापासून लांब. तळाचे फिन रेषा धरून ठेवतात. इंजिनाच्या पेटीने बसायची जागा खाल्लेली असते, त्यामुळे सहकुटुंब फिरायला कुणी ही बोट घेत नाही. वेकबोर्डवाले मोठी लाट हवी म्हणून बोटीत मुद्दाम पाणी भरून वजन वाढवतात. इथे उलट आहे. मागची लाट जितकी बुटकी आणि मऊ, तितकी बोट चांगली. १९६१ साली स्की नॉटिक ही बोट आली, तेव्हापासून बोट बांधणारे याच्यामागे लागले आहेत.

८:००. आता एकामागून एक फेऱ्या. वेग ताशी ५८ किलोमीटर. तो जीपीएसवर चालणारी यंत्रणा सांभाळते. स्कीअर खेचतो तेव्हा इंजिनाने कसा प्रतिसाद द्यायचा, तेही स्कीअरच आधी सांगतो: ‘बी-दोन लाव.’ पूर्ण मार्ग १६.०८ सेकंदांत व्हायला हवा. चालकाच्या हाती उरतं ते स्टिअरिंग. डावीकडून ओढ येते, उजवीकडून येते, आणि दर वेळी ती केसभर उलट वळवून बोट मधल्या रेषेवर ठेवते. बोट बोयाकडे थोडी जरी सरकली तरी स्कीअरला फुकटची मदत होते. उलट्या बाजूला सरकली तर अन्याय होतो. हा प्रामाणिकपणा तिच्या मनगटात आहे, आणि त्याला टाळ्या मिळत नाहीत याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मार्ग संपला की ती बोट बेटाभोवती वळवते. मागची लाट मार्गात परतू नये म्हणून तळ्याच्या दोन्ही टोकांना ही बेटं मुद्दाम बांधलेली आहेत.

दुपार. वारा सुटतो, पेट्रोल भरायचं, जेवायचं. तीनच्या सुमारास गडगडाट झाला की सगळे पाण्याबाहेर. फ्लोरिडातल्या उन्हाळ्यात हे जवळपास रोजचंच.

५:३०. सगळ्यात तयारीचा स्कीअर येतो. दोर १८.२५ मीटरपासून सुरू होतो आणि यशस्वी फेरीगणिक आखूड होतो: १६, १४.२५, १३, १२. पुढची पायरी ११.२५, म्हणजे बोयापर्यंत दोर पोचतच नाही. उरलेलं अंतर माणसाने स्वतःच्या अंगाने भरून काढायचं, पाण्यावर जवळजवळ आडवं होऊन, एका हाताने मूठ सोडत. ओढ आता इतकी तीव्र की अख्खी बोट थरारते. तो चौथ्या बोयाशी पडतो. ती लगेच बोट आवरते, हळू वळवून त्याला आपल्या बाजूला ठेवत जवळ जाते आणि गिअर काढते.

‘रेषा कशी होती?’ असं ती विचारते.

‘सरळ. चुकलो मीच. अजून एक फेरी?’

७:३०. धक्का. रिव्हर्समध्ये या बोटीचं मागचं टोक एकाच बाजूला जातं, म्हणून ती त्या बाजूनेच बोट लावते. मग दोर ताणून मोजते. रोजच्या ओढीने तो लांबतो, आणि काही सेंटिमीटरचा फरकसुद्धा उद्याच्या स्कीअरची फसवणूक ठरेल. आजचा दोर ती बाजूला काढते, नव्या दोराची वळी खांबाला अडकवते.