भिंत चढणारीं यंत्रें

अमडापूर हें बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यांतील गांव. तेथील घर धाब्याचें असो कीं सिमेंटचें, दिवे लागले म्हणजे किड्यांच्या आशेनें पाल भिंतीवर येते आणि छतावरही उलटी चालते. घरच्या मंडळींस त्याचें नवल वाटत नाहीं. परंतु पालीला जें सहज साधतें तें यंत्राला साधावें म्हणून शास्त्रज्ञ गेलीं साठ वर्षें खटपट करीत आहेत. ही खटपट गंमतीखातर नव्हे; तिच्या मुळाशीं माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

शेजारच्या अकोला जिल्ह्यांत पारस येथें औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा केंद्रांतील भट्टीच्या भिंती उभ्या पोलादी नळ्यांच्या बनलेल्या व कित्येक मजले उंच असतात. नळ्यांतून पाणी वाहतें, बाहेरून आग लागते, आणि उडत्या राखेच्या घर्षणानें पोलाद झिजत जातें. एक नळी फुटली तरी सबंध संच बंद ठेवावा लागतो. सबब दुरुस्तीच्या वेळीं आंत परांची बांधून माणसें वर चढतात आणि ठिकठिकाणीं नळीची जाडी मोजतात. अंधार, राख आणि उंची या तिहींशीं त्यांची गांठ असते. धुराडीं, पुलांचे खांब व तेलाच्या टाक्या यांची कथाही निराळी नाहीं.

मग यंत्रानें भिंतीला चिकटावें कसें? पहिला मार्ग जळवेचा, म्हणजे शोषणाचा. दहा सेंटिमीटर व्यासाची रबरी वाटी भिंतीस लावून तींतील निम्मी हवा काढली, तर बाहेरची हवा ती वाटी सुमारे चाळीस किलो भारानें दाबून धरते. तथापि हा दाब भिंतीच्या दिशेनें असतो. यंत्राचें वजन खालीं ओढतें. तें पेलतें घर्षण, आणि घर्षण दाबाच्या निम्में धरल्यास वाटी वीस किलोच पेलूं शकेल. भिंत खडबडीत असली तर हवा आंत शिरते व हा हिशेबही कोसळतो. जपानांत अकिरा निशी यांनीं १९६६ सालीं पंख्यानें हवा ओढून भिंतीला धरून राहणारें यंत्र बनविलें. तें या जातीच्या यंत्रांत आद्य मानलें जातें.

दुसरा मार्ग लोहचुंबकाचा. भिंत पोलादाची असेल तर चुंबकी चाकें तिला घट्ट धरतात. हवा काढण्याची दगदग नाहीं. अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथील गेको रोबोटिक्स ही कंपनी अशींच यंत्रें वापरते. गेको म्हणजे पाल. नांव पालीचें, पकड मात्र चुंबकाची! यंत्र चढतां चढतां पोलादांत श्रवणातीत ध्वनि सोडतें व त्याचा प्रतिध्वनि टिपतें. पोलादांत ध्वनि सेकंदाला सुमारे ५९०० मीटर धांवतो. सहा मिलिमीटर जाड पत्र्यांतून तो जाऊन येण्यास एका सेकंदाचे सुमारे दोन दशलक्षांश लागतात. दीडच लागले, तर पत्रा साडेचार मिलिमीटरच उरला असें समजावें. परांचीवरचा माणूस निवडक ठिकाणीं मोजतो. यंत्र ओळीनें मोजीत जातें.

तिसरा मार्ग खुद्द पालीचा. तिच्या पायाला डिंक नसतो. टोके जातीच्या पालीच्या एकेका पावलावर सुमारे पांच लाख सूक्ष्म केंस असतात आणि प्रत्येकाच्या टोंकास शेंकडों फांटे फुटलेले असतात. ते पृष्ठभागाच्या इतके जवळ पोंचतात कीं अणुरेणूंचें परस्पर आकर्षणच तिला धरून ठेवतें. केलर ऑटम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००० सालीं अशा एका केंसाची पकड मोजली. त्या तत्त्वावर स्टॅनफर्ड विद्यापीठांत झालेला स्टिकीबॉट २००६ च्या सुमारास कांचेवर चढला. परंतु पाल चालतां चालतां आपले पाय स्वच्छ करते; यंत्राच्या गादीवर धूळ बसली कीं तिची पकड ढिली पडते. राखेनें माखलेल्या भट्टींत तिचा निभाव लागणें कठीण.

यावरून दिसेल कीं सर्व भिंतींवर चालेल असा एकच उपाय नाहीं. शिवाय यंत्र पडलें तर खालच्यांस इजा होईल, म्हणून त्याला वरून दोर बांधणें इष्ट असतें.

मग माणसाचें काम संपलें काय? नाहीं. झिजलेली नळी यंत्रानें दाखविली, तरी ती कापून नवी जोडण्यास बहुधा कुशल जोडारीच वर चढतो. भेद इतकाच कीं पूर्वी तो दोष शोधण्यासाठींही चढत असे. आतां दोष कोठें आहे हें ठाऊक झाल्यावर, नेमक्या जागीं, पुरत्या बंदोबस्तानें चढेल. यंत्रानें चढण्याचा मोठेपणा उंचीत नाहीं. माणसाची जी चढण टळूं शकते ती टाळण्यांत आहे. मात्र ज्यांच्या हातांनीं आजवर हें मोजमाप केलें, त्यांनाच तें यंत्र चालविण्यास व त्याचे आंकडे वाचण्यास शिकविलें पाहिजे. नाहीं तर जीव वाचला आणि भाकरी गेली, असें व्हावयाचें.