धुराचा हिशेब – लेखांक ५ : ‘आता सोडून काय उपयोग?’

विडी-सिगारेट वाईट, हे ओढणाऱ्याला नव्याने सांगावे लागत नाही. पाकिटावरचे चित्र तो रोज पाहतो आणि पहाटेचा खोकला तर त्याचा स्वतःचाच असतो. तरीही पन्नाशी-साठीच्या माणसापाशी सोडण्याचा विषय काढला, की तो धोका नाकारत नाही. ‘चाळीस वर्षं ओढली, व्हायचं ते होऊन गेलं, आता सोडून काय उपयोग?’ असे म्हणतो. तंबाखूविषयीच्या सगळ्या समजुतींत मला ही सर्वांत घातक वाटते. धोका पूर्ण मान्य करूनही ती माणसाला बाहेर पडू देत नाही. शिवाय ती निखालस चुकीची आहे, आणि तसे म्हणायला भक्कम पुरावा आहे.

तो पुरावा प्रथम ब्रिटनमधून आला. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांना पत्रे पाठवून त्यांच्या धूम्रपानाची माहिती विचारली. त्यांतल्या ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा पाठपुरावा पुढे २००१ पर्यंत, म्हणजे अर्धशतक चालला. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा डॉल ९१ वर्षांचे होते. जन्मभर सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य सरासरी १० वर्षांनी घटले होते. पण खरे मोल पुढच्या आकड्यांचे आहे. ज्यांनी तिशीला सिगारेट सोडली त्यांची जवळजवळ सगळी १० वर्षे वाचली, चाळिशीला सोडणाऱ्यांची ९, पन्नाशीला सोडणाऱ्यांची ६ आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांची ३. त्याहून वयस्करांचे काय? साठीपुढच्या माणसांवरच्या १७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये जर्मन संशोधकांनी घेतला. कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत ओढत राहिलेल्यांचा मृत्यूचा धोका ८३ टक्क्यांनी जास्त होता, सोडलेल्यांचा ३४ टक्क्यांनी. उशीर झाल्याची किंमत यात दिसतेच, पण सोडल्याचा फायदाही तितकाच स्पष्ट दिसतो.

असे का व्हावे, हे समजून घेतले की हे आकडे परके वाटत नाहीत. धुराने केलेले सगळेच नुकसान एका जातीचे नसते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो आणि तो एक-दोन दिवसांत निघून जातो. रक्त गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती काही आठवड्यांत ओसरू लागते, म्हणून हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सर्वांत लवकर उतरतो. फुप्फुसांचे तसे नाही. तिथे गमावलेले परत मिळत नाही, फक्त पुढची झीज मंदावते. पण ही झीज मंदावणे केवढे मोठे असते पाहा. अमेरिका-कॅनडातल्या एका अभ्यासात फुप्फुसाचा आजार सुरू झालेल्या लोकांना ११ वर्षे तपासले गेले. एका सेकंदात जोराने बाहेर टाकता येणारी हवा ओढत राहिलेल्या पुरुषांत दरवर्षी सुमारे ६६ मिलिलिटरने घटत होती, सोडलेल्यांत ३० ने. स्वतःच्या पायाने जिना चढणे आणि न्हाणीघरापर्यंत जातानाही धाप लागणे यांतला फरक अशा मिलिलिटरांनीच पडतो. कर्करोगाबाबत २०२० मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. सिगारेट सोडलेल्यांच्या श्वासनलिकांच्या अस्तरात जवळजवळ निरोगी, तंबाखूचे जनुकीय व्रण नसलेल्या पेशींचे प्रमाण ओढणाऱ्यांच्या चौपट आढळले. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका पूर्ण पुसला जात नाही, पण वर्षागणिक घटत जातो.

यावर आपल्याकडे हमखास येणारा आक्षेप असा : ‘अमक्याने विडी सोडली आणि सहा महिन्यांत गेला. शरीराला सवय झालेली असते, ती तोडू नये.’ हे निरीक्षण खोटे नाही. अशी माणसे खरोखर असतात. फक्त घटनांचा क्रम उलटा वाचला जातो. आपल्याकडे बहुतेक जण धडधाकट असताना विडी सोडत नाहीत. थुंकीतून रक्त पडले, छातीत कळ आली, डॉक्टरांनी फोटो पाहून मान हलवली की मग सोडतात. आजार आधी आलेला असतो, सोडणे नंतरचे. मृत्यूचे खापर मात्र शेवटच्या घटनेवर फुटते. या फसगतीची संशोधकांना चांगली जाण आहे, म्हणूनच आजारपणामुळे सोडणाऱ्यांना वेगळे काढून हिशेब मांडले जातात. तसे केल्यावर सोडण्याचा फायदा कमी होत नाही, उलट वाढतो. तलफ, चिडचिड, उडालेली झोप, बद्धकोष्ठ हे त्रास खरे आहेत. ते पहिल्या आठवड्यात टोक गाठतात आणि तीन-चार आठवड्यांत उतरतात. पण निकोटिन थांबल्याने माणूस दगावत नाही.

दुसरी पळवाट जास्त सभ्य आहे : ‘कमी केली आहे, आता दिवसाला दोनच.’ हृदयाच्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही. रोज २० सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जो जादा धोका येतो, त्याचा जवळजवळ निम्मा भाग रोजच्या एका सिगारेटनेच येतो, असे २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दिसले. विडीत तंबाखू थोडी म्हणून ती सौम्य, हेही तसेच. तेंदूचे पान नीट जळत नाही, विडी विझते, म्हणून ओढणारा अधिक आणि जोरकस झुरके घेतो. भारतातल्या मृत्यूंच्या देशव्यापी अभ्यासानुसार (२००८) विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी ६ वर्षांनी आणि स्त्रियांचे ८ वर्षांनी घटते. इथे क्षयरोगाचाही मोठा वाटा आहे. पाश्चात्त्य आकडेवारीत तो जवळजवळ दिसतच नाही, आपल्याकडे मात्र धूर त्याला जीवघेणा करतो. याच अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१० मध्ये ३० ते ६९ या वयातल्या पुरुषांच्या दर पाच मृत्यूंपैकी एक धूम्रपानामुळे होणार होता. त्या वयातला माणूस गेला की मुलीचे कॉलेज थांबते, डोक्यावरचे कर्ज मागे राहते.

घरच्यांचा आक्षेप मायेपोटी येतो : ‘म्हातारपणी एवढाच आनंद उरलाय त्यांना, तो कशाला हिरावायचा?’ त्यामागची भावना मला कळते. पण त्या आनंदाचा बराचसा भाग मागच्या विडीने निर्माण केलेली तलफ पुढच्या विडीने भागवण्याचा असतो. आणि दोन खोल्यांच्या घरात तो धूर एकट्याचा राहत नाही. ज्या नातवंडांसाठी जगावेसे वाटते, त्यांच्याच दम्याला आणि कानाच्या दुखण्याला तो खतपाणी घालतो.

म्हणून आजोबांना दटावण्यापेक्षा मदत मिळवून देणे बरे. नुसत्या निश्चयावर सोडणाऱ्यांपैकी वर्षभर टिकणारे फार थोडे असतात. हा स्वभावाचा दोष नाही, निकोटिनची पकडच तशी आहे. निकोटिनच्या च्युइंगमने किंवा पट्टीने यशाची शक्यता सुमारे दीडपट होते, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्याही घेता येतात. पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात. पुन्हा सुरू झाली तर पुन्हा सोडायची. कायमचे सुटलेल्यांपैकी पुष्कळांना आधी अनेकदा अपयश आलेले असते. एक खबरदारी मात्र हवी. महाराष्ट्रात प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे किंवा मिश्री लावणारे २४.४ टक्के आहेत (२०१६-१७ची पाहणी). त्यामुळे विडी सुटते आणि हातावर चुना-तंबाखू येते, असे सहज घडू शकते. त्या तंबाखूबद्दल पुढच्या आठवड्यात.